आधी शेपूट बघ

बाळा,

तुझा मेसेज वाचला. 'इन्सालुब्रिया' हा लॅटिन शब्द कोशात सापडेना म्हणून वैतागलास, आणि 'मलेरिया'सारखं कुठल्या तरी आजाराचं नाव असेल असं धरून पुढे गेलास. हे 'धरून पुढे जाणं'च मला खुपतं. अरे, आधी शब्दाचं शेपूट, म्हणजे शेवटचा प्रत्यय, बघ!

कोशात 'इन्सालुब्रिस' आहे: प्रकृतीला अपायकारक. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप तेच, नपुंसकलिंगी 'इन्सालुब्रे', त्याचं अनेकवचन 'इन्सालुब्रिया'. सोबत नाम नसलं की 'गोष्टी' आपण मनाने घालायचं. शेवटचा 'आ' पाहून तुला स्त्रीलिंग वाटलं. पण आपणही 'चांगली मुलगी' म्हणतो आणि 'चांगली मुलं'ही म्हणतोच की! मराठी पोराने तरी इथे अडखळू नये.

कर्ता की कर्म, हा तुझा दुसरा प्रश्न. नपुंसकलिंगात प्रथमा-द्वितीया सारखीच, संस्कृतातल्या 'फलानि'सारखी. मग क्रियापदाचं शेपूट बघ. 'इन्सालुब्रिया नोकेंत': अपायकारक गोष्टी बाधतात. 'इन्सालुब्रिया वितामुस': त्या आम्ही टाळतो. 'मुस' आलं की कर्ता 'आम्ही'.

लोक मला किचकट म्हणतात. म्हणोत. अंदाजपंचे वाचणाऱ्यांची वारो या रोमन लेखकापाशी काय गत होते ते मी पाहिलंय. इ.स.पू. 37 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने शेतीवरच्या ग्रंथात बजावलं: घर बांधताना दलदलीपासून जपा, तिथे बारीक जीव वाढतात, हवेतून नाका-तोंडावाटे शरीरात शिरतात आणि चिवट रोग आणतात. त्या जीवांविषयी तो म्हणतो, 'क्वाए नोन पोस्सुंत ओकुली कोन्सेक्वी'. घाईवाला 'क्वाए'ला कर्ता करतो, आणि मग जीवच डोळ्यांमागे धावत सुटतात! कर्ता 'ओकुली', म्हणजे डोळे. 'क्वाए', म्हणजे 'ज्यांना', हे नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्म. डोळ्यांना न गाठता येणारे जीव! सूक्ष्मदर्शक यायला अजून सोळा शतकं होती, बाबा.

वारो माझ्या हाती फार उशिरा आला, निवृत्तीनंतर. ती हळहळ आहेच. उमेदीची वर्षं पोरांकडून विभक्तींचे तक्ते घोटून घेण्यात गेली. पण ते तक्ते नसते तर हे वाक्य मला उलगडलं असतं का? नसतंच.

षष्ठी अनेकवचन 'इन्सालुब्रियुम'. त्यातला 'इ' गाळू नकोस. रविवारपर्यंत तिन्ही लिंगांचा तक्ता हाताने लिहून पाठव, टाइप केलेला मी बघणार नाही.