उंची लिहायला विसरू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझी पक्ष्यांची यादी दोनदा वाचली. पाच दिवसांत एवढ्या जाती ओळखल्यास, आनंद झाला. पण एकाही नोंदीपुढे उंची नाही, हे खटकलं. सपाटीवर नुसतं गावाचं नाव चालून जातं. डोंगरात काहीशे मीटर चढलं की पक्षीच बदलतात.

पेरूमधल्या सेरो दे पांतियाकोया या डोंगररांगेवर १९८५ साली पक्षीतज्ज्ञ जॉन फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणता पक्षी किती उंचीवर दिसतो ते टिपून ठेवलं. २०१७ मध्ये त्याच वाटेने पुन्हा पाहणी झाली. वाढत्या तापमानामुळे बहुतेक जाती वर सरकल्या होत्या, आणि पूर्वी फक्त माथ्याजवळ राहणाऱ्यांपैकी काही सापडल्याच नाहीत. डोंगर वर निमुळता होत जातो. माथ्यावरच्या पक्ष्याला आणखी वर जायला जमीनच उरत नाही. हे कळलं ते बत्तीस वर्षं जपलेल्या नोंदींमुळे. तुझी वहीही कुणाला अशीच लागेल.

मात्र प्रत्येक घटीचं खापर तापमानवाढीवर फोडू नकोस. लडाखमध्ये काळ्या मानेचा क्रौंच पाणथळीत घरटं करतो, अंडी बहुधा दोनच. मोकाट कुत्री ती अंडी आणि पिल्लं खातात, आणि ही कुत्री पोसली जातात माणसांनी टाकलेल्या उष्ट्यावर. कचरा आवरणं, कुत्र्यांची नसबंदी करणं ही कामं आजही हाती घेता येतात. आल्प्समधून दाढीवालं गिधाड माणसाने शिकार करून संपवलं होतं. १९८६ पासून बंदिवासात वाढवलेली पिल्लं तिथे सोडली गेली आणि १९९७ मध्ये मोकळ्या रानात पहिलं पिल्लू जन्मलं. अकरा वर्षं लागली. एवढा धीर धरायची तयारी ठेव.

आणि तो घरट्याजवळचा फोटो. तसा पुन्हा काढू नकोस, कितीही मोह झाला तरी. उंचावर विणीचा काळ आखूड असतो. एक वीण फसली तर दुसरीला सहसा वेळ मिळत नाही. आई उठून गेली की त्या गारठ्यात अंडी भराभर थंड पडतात.

पुढच्या वर्षी याच तारखांना, याच वाटेने जा. जिथे थांबून काहीच दिसलं नाही, तिथेही उंची आणि थांबल्याची मिनिटं लिही, पुढे 'नाही' असं स्पष्ट लिही, आणि ती वही मला पाठव.