रजनीकांत बघायचा तर १९७५ ते ७८चा बघा

'रजनीकांत आपला मराठी माणूस म्हणून कौतुकाने "बिल्ला" सिनेमा लावला, पण अभिनय असा दिसला नाही. सुरुवात कुठून करू?' असं तुम्ही विचारलंय. 'बिल्ला' १९८०चा, आपल्या 'डॉन'चा तमिळ अवतार. तोवर गडी स्टार झाला होता. तुम्ही चार-पाच वर्षं मागे जा.

मराठीपणाचं आधी उरकतो. शिवाजीराव गायकवाड हे खरं नाव, जन्म बंगळूरचा, वडील पोलिसात हवालदार. घरात मराठी, बाहेर कन्नड. बसमध्ये कंडक्टरकी करून हा मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तेव्हा तमिळ धड येतही नव्हतं. दिग्दर्शक के. बालचंदरनी हेरलं आणि आधी तमिळ शिकायला लावलं. तमिळ पडद्यावर बडे नट शिवाजी गणेशन असताना दुसरा शिवाजी चालणार नव्हता, म्हणून आपल्याच एका जुन्या सिनेमातल्या पात्राचं नाव त्यांनी याला दिलं.

'अपूर्व रागंगळ' (१९७५) मधलं काम अगदी छोटं. दाढी वाढलेला, नायिकेला सोडून गेलेला नवरा फाटक ढकलून आत येतो. ते फाटक आज दंतकथा झालंय, पण खरं सांगायचं तर सिनेमा श्रीविद्या आणि कमल हासनचा आहे.

खरी मजा पुढच्या वर्षी, 'मूंड्रु मुडिच्चु'मध्ये. मित्र (कमलच!) पाण्यात पडतो आणि हा शांतपणे होडी वल्हवत राहतो, कारण मित्राच्या प्रेयसीवर याचा डोळा आहे. पुढे तीच मुलगी, म्हणजे श्रीदेवी, याच्या बापाशी लग्न करून याची सावत्र आई होऊन घरात येते. सिगारेट उडवून ओठात झेलायची लकब इथे आहे, पण टाळ्यांसाठी नाही. ती बघून त्या माणसाची किळस येते. नंतरच्या सिनेमांत नेमकं हेच हरवलं, असं माझं मत. 'अवर्गळ'मधला (१९७७) छळवादी नवराही असाच अंगावर येतो.

त्याच वर्षीच्या भारतीराजांच्या '१६ वयदिनिले'मध्ये तो गावातला टगा परट्टै आहे. कुणाचीही खोडी काढायची आणि वर 'इदु एप्पडि इरुक्कु?' म्हणजे 'हे कसं वाटलं?' हे विचारायचं. सज्जन माणूस म्हणून तो पहिल्यांदा लक्षात राहिला तो एस. पी. मुत्तुरामन यांच्या 'भुवना ओरु केळ्विक्कुरी'त. तिथे एरवी नायक असणाऱ्या शिवकुमारना खलनायक केलं होतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला केवढा धक्का असेल!

१९७८च्या 'भैरवी'त तो एकटा नायक झाला. 'सुपरस्टार' ही पदवी त्याच सिनेमाच्या जाहिरातीतली, वितरक कलैपुली थाणूंनी पोस्टरवर छापलेली. सिनेमा मात्र वगळलात तरी चालेल.

वगळू नका तो 'मुळ्ळुम मलरुम', त्याच वर्षीचा, महेंद्रन यांचा. डोंगरातल्या वीज प्रकल्पावरचा विंच ऑपरेटर काळी. बहिणीवर जीव, डोक्यात राग आणि साहेबाशी उभा दावा. अपघातात एक हात जातो, तरी ऐट जात नाही. बालू महेंद्रंचा कॅमेरा, इळैयराजांचं संगीत आणि संवाद मोजकेच. शेवटी त्याच साहेबाशी लग्न करायला निघालेली बहीण त्याला सोडून भावाकडे परत येते, तेव्हा हा तिचा हात साहेबाच्या हातात देतो आणि वर तोंडावर सांगतो की साहेब, तुम्ही मला अजूनही आवडत नाही. आधी हाच लावा, 'मूंड्रु मुडिच्चु' त्यानंतर.