दुर्लक्षित मनगटी घड्याळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे एक स्नेही जुनी मनगटी घड्याळे जमवतात, मात्र त्यांत नामांकित असे एकही नाही. आज कोणाला आठवतही नाहीत अशा नावांची, चावीची घड्याळे ते चिकाटीने शोधून आणतात. बॅटरीवर चालणारे अगदी साधे क्वार्ट्झ घड्याळही त्यांच्यापेक्षा अचूक वेळ दाखवते. मग या छंदात एवढे गुंतून जाण्यासारखे काय आहे?

उत्तर : अचूकतेपुरते आपले म्हणणे मान्यच करावे लागेल. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सामान्यतः सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तर १९५०-६० च्या दशकांतील बहुतेक चावीच्या घड्याळांचे बॅलन्स चक्र (मागेपुढे हेलकावे घेऊन वेळ मोजणारे चाक) तेवढ्याच वेळात पाच ठोके देते. ही घड्याळे दुर्लक्षित का झाली, याचे कारणही या तफावतीतच आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि पुढच्या दीड दशकात स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातील सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश शिल्लक राहिल्या. कित्येक कारखाने बंद पडले, काही एकमेकांत विलीन झाले. त्यांची घड्याळे हलक्या दर्जाची होती असे मुळीच नाही. पण त्यांची जाहिरात करणारे आणि त्यांचा इतिहास सांगणारे कोणी मागे उरले नाही. जी नावे टिकली त्यांचा बोलबाला झाला आणि बाजारही यंत्रापेक्षा नावाचीच किंमत करू लागला. ज्याला यंत्राची पारख आहे, त्याला वाव मिळतो तो इथे.

शिवाय तबकडीवरचे नाव आणि आतले यंत्र यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ कधीच नव्हता. स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेन गावातील ए. शिल्ड आणि एटा यांसारखे मोजके कारखाने यंत्राचा मूळ सांगाडा तयार करून असंख्य कंपन्यांना पुरवत असत. त्या कंपन्या त्यावर आपल्या परीने पुढचे काम करून, तो आपल्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, बसवून, आपल्या नावाने विकत. त्यामुळे अनोळखी नावाच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडावे आणि आत एखाद्या मान्यवर घड्याळातलेच यंत्र दिसावे, असा अनुभव संग्राहकाला अनेकदा येतो. यात व्यवहाराचीही सोय आहे. कंपनी बुडाली तरी तेच यंत्र इतर अनेक घड्याळांत बसवलेले असल्यामुळे सुटे भाग मिळण्याची शक्यता टिकून राहते. यंत्राचा क्रमांक बहुधा बॅलन्स चक्राच्या खाली किंवा त्याच्या आसपास कोरलेला असतो. घड्याळजीकडून तो भिंगातून वाचून घ्यावा आणि मगच घड्याळाविषयी मत बनवावे.

याउलट स्वतःची वेगळी वाट काढणारेही काही होते, आणि मला स्वतःला त्यांची ओढ अधिक आहे. सर्टिना या स्विस कंपनीने १९५९ मध्ये ‘डीएस’ घड्याळ आणले तेव्हा त्यातले संपूर्ण यंत्र एका लवचीक कड्यात बसवले, म्हणजे घड्याळ आपटले तरी धक्का त्या कड्यातच जिरावा. मॉस्कोच्या ‘स्लाव्हा’ घड्याळांत चावी दिल्यावर ऊर्जा साठवणाऱ्या एका मुख्य स्प्रिंगऐवजी दोन स्प्रिंगा वापरलेल्या दिसतात. आणि ‘बंपर’ ऑटोमॅटिक घड्याळांविषयी (ऑटोमॅटिक म्हणजे हात हलला की आतल्या वजनामुळे आपोआप चावी मिळणारी) तर कितीही लिहिले तरी मला थोडेच वाटेल. इंग्लिश घड्याळजी जॉन हारवूड यांच्या १९२४ च्या पेटंटाने सुरू झालेल्या या रचनेत वजन पूर्ण वर्तुळात फिरत नाही; ते एका मर्यादेपर्यंत झुलते आणि दोन्ही टोकांना बसवलेल्या बारीक स्प्रिंगांवर आपटून परत येते. असे घड्याळ मनगटावर असताना हात उचलला की आधी वजन सरकल्याचे जाणवते आणि लगेच एक मऊ धक्का कातडीला लागतो. पूर्ण वर्तुळात फिरणारे वजन, म्हणजे रोटर, मुख्य स्प्रिंगला चावी देण्याचे काम अधिक चांगले करतो, म्हणून ही रचना १९५० च्या दशकात मागे पडली. पण आपल्या हालचालीतून घड्याळाला चावी मिळत आहे हे इतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही घड्याळ सांगत नाही.

प्रश्न : मला मिळालेल्या एका जुन्या स्विस घड्याळाच्या यंत्रावर ‘१७ ज्वेल्स’ आणि ‘अनॲडजस्टेड’ असे कोरलेले आहे. एका जाणकारांनी ते पाहून घड्याळ दुय्यम दर्जाचे असल्याचे सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : केवळ त्या अक्षरांवरून असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. अमेरिकेच्या १९३० च्या आयातकर कायद्याने घड्याळाच्या यंत्रांवर ज्वेलच्या, म्हणजे आत बसवलेल्या बारीक खड्यांच्या, संख्येनुसार कर बसवला आणि १७ पेक्षा अधिक ज्वेल असलेल्या यंत्रांवर तो फार वाढवला. घड्याळ आडवे, उभे, चावी खाली अशा वेगवेगळ्या स्थितींत धरले की गुरुत्वाकर्षणामुळे त्याची चाल थोडी बदलते. हा फरक कमी करण्यासाठी कारागीर जे नियमन करतो, त्यावरही वेगळा कर होता. म्हणून अमेरिकेला जाणारी कित्येक उत्तम यंत्रे १७ ज्वेलवर थांबवली गेली आणि त्यांच्यावर ‘अनॲडजस्टेड’, म्हणजे असे नियमन न केलेले, असा शिक्का मारला गेला. तो शिक्का कारागिरासाठी नव्हता, जकात अधिकाऱ्यासाठी होता. आपल्या घड्याळाच्या बॅलन्सवरच्या पुलावर, म्हणजे त्या चक्राला आधार देणाऱ्या पट्टीवर, तीन इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत का, तेही पाहावे; ती अमेरिकी आयातदाराची खूण असते आणि ती आढळल्यास हे यंत्र त्या बाजारासाठी तयार झाले होते असे समजण्यास हरकत नाही.

ज्वेलच्या संख्येचाही फार बाऊ करू नये. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिकाचे बारीक खडे. फिरत्या आसांची टोके त्यांत टेकवली की घर्षण आणि झीज कमी होते. साध्या चावीच्या घड्याळात जिथे त्यांची खरी गरज आहे, तिथे सर्वत्र ते बसवले की संख्या १७ च्या आसपास जाते. ऑटोमॅटिक यंत्रणेला आणखी काही लागतात. त्यापलीकडचे आकडे काही कंपन्यांनी निव्वळ जाहिरातीसाठी फुगवले होते.

प्रश्न : तबकडीवर डाग पडले आहेत आणि रंग पिवळट झाला आहे. ती नव्याने रंगवून घ्यावी का?

उत्तर : माझा आग्रह ‘नको’ असाच आहे. केस, काच, पट्टा, मुख्य स्प्रिंग हे भाग झिजले तर बदलता येतात आणि ॲक्रिलिक काचेवरचे ओरखडे तर पॉलिशनेही जातात. पण कारखान्यात छापलेली तबकडी एकदा खरवडली की ती कायमची गेली. पुन्हा रंगवलेल्या तबकड्या बारकाईने पाहिल्यास बहुधा ओळखू येतात. अक्षरांच्या कडा जाड किंवा फाटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावदार खुणांशी जुळत नाहीत, आणि सहाच्या खाली असलेला ‘स्विस मेड’ हा बारीक मजकूर गायब असतो किंवा भलत्याच ठिकाणी येतो. दुर्लक्षित नावांच्या घड्याळांना हा धोका अधिक असतो, कारण त्यांची मूळ तबकडी कशी होती हे सांगणारी चित्रे सहजासहजी मिळत नाहीत आणि रंगवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. काट्यांचीही अशीच तपासणी करावी. मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचत नसेल, तर तो बहुधा दुसऱ्याच घड्याळाचा असतो.

प्रश्न : १९४० च्या दशकातील एका घड्याळाचे आकडे पूर्वी अंधारात चमकत असत, आता चमकत नाहीत. त्यातले रेडियम संपले असे समजावे का?

उत्तर : तसे कृपया समजू नये. रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षे आहे. त्याच्या किरणांनी झिजून गेले आहे ते प्रकाश देणारे झिंक सल्फाइड. किरणोत्सर्ग जवळपास पूर्वीइतकाच चालू आहे. बंद केसमधील असे घड्याळ पाहण्यास हरकत नाही. पण ते घरी उघडू नये, आकडे किंवा काटे खरवडू नयेत आणि सुटलेली भुकटी श्वासावाटे किंवा बोटांवाटे शरीरात जाऊ देऊ नये. अशी बरीच घड्याळे एकत्र ठेवायची असतील तर ती हवेशीर जागी ठेवावीत, कारण रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू तयार होतो. दुरुस्तीला देताना घड्याळजीला याची स्पष्ट कल्पना द्यावी.

प्रश्न : आजही खरोखर दुर्लक्षित म्हणता येतील अशी घड्याळे कोणती?

उत्तर : माझ्या मते स्त्रियांची चावीची घड्याळे. संग्राहकांचे लक्ष मोठ्या तबकड्यांकडे असल्याने ही घड्याळे कोणी हातात घेत नाही, आणि केस सोन्याची असली तर ती वितळवून आतले यंत्र फेकून दिले जाते. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण यंत्र लहान करणे हे घड्याळाच्या कारागिरीतील अत्यंत अवघड कामांपैकी एक आहे. जेजर-लकूल्त्र या स्विस कंपनीने १९२९ मध्ये तयार केलेल्या ‘कॅलिबर १०१’ या यंत्राचे वजन जेमतेम एक ग्रॅम आहे. ते कौशल्याचे टोक झाले. परंतु सामान्य कंपन्यांच्या लहान यंत्रांतही लंबगोल किंवा चौकोनी केसमध्ये चाके कशी सामावून घेतली आहेत, हे भिंगाखाली पाहण्यासारखे असते. घेताना एवढी खात्री करावी की चावी दिल्यावर बॅलन्स मोकळेपणाने हलते आणि त्याचा आस शाबूत आहे. या आकाराचे काम हाती घेणारे घड्याळजी थोडे असतात. म्हणून असा कारागीर आधी शोधावा आणि घड्याळ त्यानंतर घ्यावे.