गेजवर अडकलेला जॉब

सुजित (नाव बदललंय) कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आला तेव्हा बोलत होते ते त्याचे वडीलच. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं काम आहे. "मॅडम, मुलाखतीचे चार राउंड झाले ह्याचे. मग नकाराचा दोन ओळींचा मेल आला. तीन आठवडे झाले, लॅपटॉप उघडंना." सुजित फरशीकडं बघत बसलेला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "माझ्यात तेवढं नाहीच, हे त्यांनी ओळखलं."

हे 'ओळखलं' मी फार ऐकते. मोठ्या टेक कंपनीनं नाही म्हटलं की पोरांना वाटतं, आपलं पितळ उघडं पडलं.

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणून म्हटलं, ज्या प्रश्नाला अडकलास तो मला सोडवून दाखव. त्यानं कागद ओढला, दहा मिनिटं खाली मान घालून लिहिलं आणि म्हणाला, "सुटलं."

"सुटलं असेल. पण दहा मिनिटं मला काय दिसलं? तुझा भांग."

तिथंही हेच झालं होतं. गूगलमध्ये मुलाखत घेणारा एकटा निर्णय घेत नाही, तो जे टिपतो ते उमेदवाराला कधी न भेटलेल्या समितीपुढं जातं. अ‍ॅमेझॉनमध्ये दुसऱ्या टीमचा एक 'बार रेझर', म्हणजे निवडीचा दर्जा घसरू नये हे बघणारा, मुद्दाम बसवलेला असतो. अशा ठिकाणी गप्प बसलेल्याच्या नावापुढं कुणी लिहावं तरी काय?

गप्प का बसलास, हे विचारायला मला दुसरी भेट लागली. तो विचार करतो मराठीत. मनात 'हा आकडा उचल, तिकडं सरकव' चाललेलं असतं, आणि त्याचं शुद्ध इंग्रजी करेपर्यंत धागा सुटतो. मग गृहपाठ दिला: रोज संध्याकाळी एक प्रश्न बहिणीला मराठीतून, मोठ्यानं सांगत सोडवायचा. बहीण बारावीची, भोचक, दर वाक्याला "पण का?" विचारणारी. याहून चांगला मुलाखतकार मी कुठून आणणार होते! दोन आठवड्यांनी इंग्रजी सुरू केलं, तेही येतंय तसं, मोडकंतोडकं. आणि सोडवायच्या आधी प्रश्न विचारायचे: आकडे किती, यादी रिकामी असली तर? प्रश्न अर्धवट ठेवलेला असतो तो बऱ्याचदा मुद्दामच.

कोड्यांचं पुस्तक मात्र बंद करायला लावलं. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असलं तो घोकत होता. हे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं, असं गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलंय.

तिसऱ्या भेटीत वडीलही आत बसले. मी सांगत होते की या कंपन्यांना चुकीचा माणूस आत घेण्यापेक्षा एखादा चांगला हातचा गेलेला परवडतो. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे गो-नो गो गेज. जॉब, म्हणजे लेथवर केलेला नग, मापात आहे का नाही एवढंच सांगतंय ते. काठावरचा जॉब गेजला अडकतो, मायक्रोमीटरनं मोजला तर मापात भरतो. खराब माल पुढं जाऊ नये म्हणून गेज जरा कडकच करत्यात."

सुजितनं पहिल्यांदाच वडिलांकडं नीट बघितलं. "मग त्या जॉबचं काय करता?"

"परत मोजतो की. भंगारात टाकू व्हय?"

त्या दिवशीची फी मी खरं तर घ्यायला नको होती. घेतली.

एक मात्र त्याला स्पष्ट सांगितलं, प्रत्येक नकार काठावरचा नसतो. ग्राफचे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या ठिपक्यांच्या जाळ्याचे, प्रश्न त्याचे खरोखर कच्चे होते. त्यानंच ते कबूल केलं, आणि ओळखल्या जाण्याच्या भीतीपेक्षा हे त्याला सोपं गेलं. ग्राफ शिकता येतात.

त्या कंपनीत पुन्हा अर्ज करायला त्याला वर्षभर थांबायचंय. मधल्या काळात पुण्यातल्या एका कंपनीनं बोलावलं. भर मुलाखतीत त्याच्या तोंडून निघून गेलं, "थांबा, इथं चुकलं माझं." समोरून शुद्ध मराठीत उत्तर आलं, "बोला, ऐकतोय."

पुढचा राउंड गुरुवारी आहे. बहिणीची चाचणी परीक्षा चालू आहे, म्हणून या आठवड्यात प्रश्न वडिलांना सांगतोय. लेथ बंद झाल्यावर.