नाव गेलं, फाईल राहिली : वाचकांचे प्रश्न

एकीकडे फाईल काढून टाकली जाते आणि नेमकं त्याच क्षणी दुसरीकडे कुणीतरी ती उघडतं. या महिन्यात ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांचा रोख बहुतेक इथेच होता. उत्तरं लिनक्सपुरती आहेत.

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या सर्व्हरवर ३० जीबीची लॉग फाईल 'आरएम' या डिलीट करणाऱ्या कमांडने काढली. फाईलींची जागा मोजणाऱ्या 'डीयू' कमांडच्या मते जागा मोकळी झाली, पण अख्ख्या डिस्कची जागा दाखवणारं 'डीएफ' जुनाच आकडा दाखवतंय. सर्व्हर रीस्टार्ट न करता जागा सुटेल का?
— सिस्टिम ॲडमिन, ऐरोली

उत्तर : सुटेल. 'आरएम' फक्त नाव काढतं. दारावरची पाटी काढली म्हणून फ्लॅट रिकामा होत नाही. प्रत्येक आयनोडचे (फाईलची मूळ नोंद; नाव त्यात नसतं) दोन हिशेब असतात : डिस्कवर त्याची किती नावं आहेत, तो लिंक काउंट, आणि कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) सध्या कितीजणांनी तो धरून ठेवलाय, तो रेफरन्स काउंट. दोन्ही शून्यावर आले की मगच ब्लॉक मोकळे होतात. 'डीयू' नावं धरून फिरतं, म्हणून त्याला ही फाईल दिसत नाही. 'डीएफ' थेट फाईल सिस्टिमला विचारतं.

'एलएसओएफ' ही उघड्या फाईली दाखवणारी कमांड '+एल१' हा पर्याय देऊन चालवा. नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फाईलींची यादी मिळेल. त्यातला प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) क्रमांक आणि डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाईलला त्या प्रोसेसमध्ये मिळालेला) क्रमांक घ्या आणि 'प्रॉक' या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीखाली त्या प्रोसेसच्या 'एफडी' डिरेक्टरीतल्या त्या क्रमांकाची फाईल शून्य लांबीची करा. जागा लगेच सुटते. मात्र प्रोग्रॅमने लॉग अपेंड मोडमध्ये (नेहमी फाईलच्या शेवटीच लिहिण्यासाठी) उघडला नसेल, तर तो जुन्याच जागेपासून पुढे लिहीत राहतो. मग फाईलची लांबी पुन्हा ३० जीबी दिसते, पण मधला भाग पोकळ असतो आणि डिस्क अडत नाही. घाबरू नका. कायमचा उपाय म्हणजे लॉग बदलल्यावर प्रोग्रॅमला सिग्नल देऊन फाईल नव्याने उघडायला लावणं.

नाव गेलंय, फाईल उघडी आहे आणि तेवढ्यात वीज गेली तर? ईएक्सटी४ ही फाईल सिस्टिम अशा आयनोडची 'ऑर्फन' (अनाथ) यादी डिस्कवर ठेवते आणि पुढच्या माउंटच्या (फाईल सिस्टिम जोडण्याच्या) वेळी राहिलेलं काम पुरं करते.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी मेमरीत राहणारी छोटी फाईल सिस्टिम लिहितेय. नोंदींच्या लिस्टला म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) आहे, प्रत्येक नोंदीला 'केरेफ' (कर्नलचा रेफरन्स काउंट) आहे. तरी एका लूपमध्ये ओपन आणि दुसऱ्यात डिलीट चालवलं की 'केसॅन' हा मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस यूज-आफ्टर-फ्री (मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर) दाखवतो. शोधणारं फंक्शन म्युटेक्स घेऊन नोंद शोधतं, म्युटेक्स सोडतं आणि पॉइंटर (नोंदीचा मेमरीतला पत्ता) परत देतं; काउंट वाढवण्याचं काम त्याला बोलावणारा कोड करतो.
— एम.एससी.ची विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : चूक शेवटच्या वाक्यात आहे. पहिल्या सीपीयूने नोंद शोधली, म्युटेक्स सोडला. काउंट अजून १, तोही लिस्टचा स्वतःचा. दुसऱ्या सीपीयूने म्युटेक्स घेतला, नोंद लिस्टमधून काढली, काउंट खाली आणला, तो शून्य झाला आणि मेमरी मोकळी केली. आता पहिला सीपीयू काउंट वाढवायला येतो, तेव्हा ती मेमरी त्याची उरलेलीच नसते. ज्या लॉकखाली नोंद सापडली, तो सोडण्याआधीच काउंट वाढवा. एक ओळ वर सरकवायची आहे, एवढंच.

काढण्याचा क्रमही पाळावा लागतो. आधी नाव काढायचं, म्हणजे नवं कुणी आत येणार नाही. मग आपला काउंट सोडायचा. मोडतोड शेवटच्या माणसाने करायची. कर्नलचं अनलिंक (नाव काढण्याचं काम) तसंच चालतं. फाईल ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या आयनोडचा लॉक घेतला जातो (कर्नलच्या ४.७ आवृत्तीपासून तो रीड-राइट सेमाफोर, म्हणजे वाचणाऱ्या अनेकांना एकत्र आत घेऊ शकणारा लॉक आहे), नाव शोधलं जातं, मग ज्या आयनोडचं नाव जाणार त्याचा एक जादा रेफरन्स धरला जातो, त्याचाही लॉक घेतला जातो, फाईल सिस्टिमचं अनलिंक होतं आणि डेन्ट्री कॅशमधून (नावांच्या मेमरीतल्या साठ्यातून) नाव जातं. दोन्ही लॉक सोडल्यावरच तो जादा रेफरन्स सोडतात. कारण शेवटचा रेफरन्स गेला की ब्लॉक मोकळे करण्याचं काम सुरू होतं. मोठ्या फाईलला त्यात बराच वेळ जाऊ शकतो. तेवढा वेळ अख्खी डिरेक्टरी अडवून ठेवणं परवडणारं नाही.

बाकीच्या फटी बघा, कारण तुमच्या प्रोजेक्टलाही त्या लागतील. आयनोड नष्ट होत असताना त्याच क्रमांकाची मागणी आली, तर? शेवटचा काउंट कमी करणं आणि आयनोडचा लॉक घेणं कर्नल एकसंध करतो आणि लॉकखालीच 'फ्रीइंग' खूण लावतो. मागणी करणाऱ्याला ती खूण दिसली की तो थांबतो आणि मग डिस्कवरून नव्याने वाचतो. शेवटचं नाव गेलेल्या उघड्या फाईलला कुणी हार्ड लिंक (त्याच आयनोडला आणखी एक नाव) करायला गेलं, तर लिंक काउंट शून्य बघून 'अशी फाईल नाही' हीच एरर मिळते. अपवाद फक्त मुद्दाम बिननावाच्या तयार केलेल्या तात्पुरत्या फाईलींचा. रिकामी डिरेक्टरी काढली, पण एखादी प्रोसेस तिच्या आतच उभी असेल, तर त्या आयनोडवर 'डेड' खूण असते आणि आत नवी फाईल बनत नाही. ही खूण नसती, तर कुठूनही पोचता न येणाऱ्या फाईली डिस्कवर साचल्या असत्या.

पुढे वेगासाठी म्युटेक्सऐवजी आरसीयूखाली (वाचणाऱ्याला लॉक घ्यावा न लागणारी कर्नलची पद्धत) शोधायचं ठरवलंत, तर नियम बदलतो. तिथे सापडलेली नोंद मरणपंथाला लागलेली असू शकते. म्हणून साधं 'केरेफ गेट' नको. 'शून्य नसेल तरच वाढव' हा प्रकार वापरा आणि तो नापास झाला तर नोंद सापडलीच नाही असं धरा. मेमरीही थेट मोकळी न करता आरसीयूचा ग्रेस पीरियड (आधीपासून आत असलेले वाचक बाहेर पडेपर्यंतचा काळ) संपल्यावरच करा.

रेस (दोन कामांच्या वेळा जुळून आल्यामुळे होणारी चूक) पकडायला वाट बघत बसू नका. जुन्या कोडमध्ये म्युटेक्स सोडणं आणि काउंट वाढवणं यांच्या मधोमध १०० मिलिसेकंदांचा 'एमस्लीप' (तेवढा वेळ झोपवणारं फंक्शन) घाला, ४ सीपीयूंच्या व्हर्च्युअल मशीनवर दोन्ही लूप लावा. चूक वारंवार दिसू लागेल. दुरुस्तीनंतर तोच 'एमस्लीप' काउंट वाढवल्यानंतर ठेवून पुन्हा चालवा. स्पिनलॉक (न झोपता वाट बघायला लावणारा लॉक) किंवा आरसीयूच्या आत मात्र झोपायचं नसतं, तिथे न झोपता थांबवणारं 'एमडीले'. 'केसॅन'बरोबर 'लॉकडेप'ही चालू ठेवा, लॉकचा उलटा क्रम तो पकडतो.

प्रश्न : माझं मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता-काढता येणारा भाग) 'प्रॉक'मध्ये एक फाईल बनवतं. कुणी ती वाचत असतानाच 'आरएममॉड'ने मॉड्यूल काढलं तर मशीन कोसळेल का? कधी कोसळतं, कधी नाही.
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बाहेर पडण्याच्या फंक्शनमधला क्रम तपासा. बफर (वाचकाला द्यायची माहिती ठेवलेली मेमरी) आधी मोकळा करून मग नोंद काढत असाल, तर दोन्हींच्या मधे आलेला वाचक मोकळ्या मेमरीत वाचतो. नोंद आधी काढा. नोंद काढणारं फंक्शन नवे प्रवेश बंद करतं, आत चालू असलेली वाचनं संपेपर्यंत थांबतं आणि मगच परततं. त्यानंतर उघड्या राहिलेल्या डिस्क्रिप्टरवर वाचायला जाणाऱ्याला आय/ओ एरर मिळते, मॉड्यूलचं कोड चालत नाही. बफर त्यानंतर निर्धास्त मोकळा करा.

हे थांबणंच कधी गळफास होतं. वाचणाऱ्या फंक्शनला लागणारा म्युटेक्स हातात धरून नोंद काढलीत, तर दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. 'सिस्एफएस' या 'प्रॉक'सारख्याच कर्नलच्या फाईल सिस्टिममध्ये याचंच भावंड आहे : एखाद्या फाईलमध्ये लिहिल्यावर तीच फाईल काढायची असेल, तर लिहिणारं फंक्शन स्वतःच्याच संपण्याची वाट बघतं. लॉगमध्ये '१२० सेकंदांहून अधिक काळ अडकलं' अशी ओळ दिसली, तर आधी हे तपासा. त्यासाठी 'रिमूव्ह फाईल सेल्फ' हे वेगळं फंक्शन आहे, तेच वापरा.

प्रश्न : क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी चालते. दोन प्रती एकाच वेळी चालू नयेत म्हणून फाईलवर लॉक घेणारं 'एफलॉक' वापरतो आणि शेवटी लॉक फाईल काढून टाकतो. तरी कधीतरी दोन प्रती चालतातच.
— वाशी

उत्तर : शेवटची पायरीच घात करते. पहिल्या प्रतीकडे लॉक आहे, दुसरीने तीच फाईल उघडून रांग धरलीय. पहिलीने फाईल काढली आणि लॉक सोडला. दुसरीला लॉक मिळाला, पण आता नाव नसलेल्या आयनोडवर. तिसरी येते, त्या नावाची फाईल नसल्याने नवी बनवते आणि तिलाही लॉक मिळतो. दोघींचं बरोबर, पण कुलपं वेगळी.

फाईल काढूच नका. शून्य बाइटची फाईल कुणाला जड होत नाही. ती '/टीएमपी'त नको, तिथे साफसफाई करणारे असतात, '/रन'खाली ठेवा. काढायचीच असेल, तर लॉक हातात असतानाच काढा आणि लॉक मिळवणाऱ्या प्रत्येकाने उघड्या डिस्क्रिप्टरचा आयनोड व डिव्हाइस क्रमांक त्या नावाच्या सध्याच्या फाईलशी ताडून पाहायला हवा. जुळला नाही किंवा ते नावच उरलं नसेल, तर बंद करून पहिल्यापासून. ही तुलना भरवशाची आहे, कारण डिस्क्रिप्टर उघडा असेपर्यंत त्याच फाईल सिस्टिमवर तो आयनोड क्रमांक दुसऱ्या फाईलला मिळत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायची सर्व्हरची फाईल सिस्टिम) आहेत. '.एनएफएस'ने सुरू होणाऱ्या विचित्र नावांच्या फाईली दिसतात, काढल्या तरी पुन्हा येतात. व्हायरस आहे का?
— लॅब असिस्टंट, खारघर

उत्तर : नाही. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत कुणी फाईल उघडी ठेवलीय हे सर्व्हरला कळत नाही. म्हणून उघडी फाईल काढली की क्लायंट ती न काढता तिचं नाव बदलतो आणि शेवटचा वापरणारा गेला की खरोखर काढतो. 'एलएसओएफ'ने ती कोणी धरलीय ते शोधा आणि तो प्रोग्रॅम बंद करा, फाईल आपोआप जाईल. क्लायंट मशीन मध्येच बंद पडलं असेल तर ती तशीच राहते. कुठल्याही मशीनवर उघडी नाही याची खात्री करून हाताने काढा. ही युक्ती एकाच मशीनपुरती चालते. दुसऱ्या मशीनवरून फाईल काढली गेली, तर पहिलीला 'स्टेल फाईल हँडल' ही एरर मिळते, म्हणजे तिच्याकडची फाईलची ओळख (हँडल) आता चालत नाही. तोच आयनोड क्रमांक नव्या फाईलला दिला गेला असला तरीही, कारण हँडलमध्ये क्रमांकासोबत पिढीचा आकडाही असतो.