बिंडा बांधून विहिरीत

प्रश्न : मुलगी ह्यूस्टनला असते. डिसेंबरात तिच्यासोबत आम्ही दोघं मेक्सिकोत कान्कूनला जाणार आहोत. चिचेन इत्सा या प्राचीन माया नगराच्या एका दिवसाच्या सहलीत ‘इक किल’ या सेनोतेत (म्हणजे जमिनीतल्या नैसर्गिक विहिरीत) पोहायला तासभर दिलाय. जाऊन आलेले शेजारी म्हणतात, तिकीट, लॉकर, लाइफ जॅकेट, वर बुफे. त्यापेक्षा वॉटरपार्क बरा. मी गावच्या विहिरीत वाढलेला, हिला मात्र पोहता येत नाही. जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जा. फक्त त्या बसने जाऊ नका.

मी पहिल्यांदा वहिनींबरोबर अशाच एका बसने गेले होते. वाटेत दोन दुकानं, मग जेवण. सेनोतेवर पोहोचेतो अडीच वाजले. शॉवरला रांग, जिन्यावर रांग. हातात आलेलं जॅकेट आधीच्या माणसाच्या अंगावरून नुकतंच उतरलेलं, ओलंगच्च. वहिनींचा पाय पाण्याला लागला आणि वरून गाइडची हाक आली!

दुसऱ्या खेपेला आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद शहरात मुक्काम केला. तिथून पाऊण तासाचा रस्ता. दार उघडताच आत. बारवेसारखं दगडी जिन्यानं उतरत जायचं. पाणी जमिनीपासून सुमारे 26 मीटर खाली. काठावरून सुटलेल्या मुळ्या थेट पाण्यापर्यंत लोंबतात आणि त्यांच्यावरून थेंब ओघळत राहतात. उताणी पडून राहिले. वर आभाळाचा गोल तुकडा, तोंडावर टपटप, पायाशी आपल्या मांगूरसारखे काळे मिशाळ मासे. तिकीट तेच होतं बरं का, जॅकेटही तेच.

पाण्यात उतरण्याआधीच्या शॉवरला मात्र नाक मुरडू नका. हा सगळा भाग युकातान द्वीपकल्पाचा, आणि त्याच्या उत्तरेत जमिनीवर नद्याच नाहीत. पाऊस चुनखडीतून झिरपून खाली जातो, खडक विरघळून गुहा होतात, एखादीचं छत कोसळलं की झालं सेनोते. तिथली माणसं याच भूजलावर जगतात. आपण अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन त्यात जातं. तेव्हा ते लावूच नका, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. चिचेन इत्सा म्हणजेच ‘इत्सांच्या (इत्सा या माया लोकांच्या) विहिरीच्या तोंडाशी’. तिथल्या पवित्र सेनोतेतून सोनं, जेड आणि माणसांची हाडंही निघाली आहेत. ते सेनोते फक्त काठावरून बघायचं.

आता जॅकेट. इक किलचं पाणी 40 मीटरहून खोल आहे, तळाला पाय टेकायचा प्रश्नच नाही. लहानपणी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर भोपळा बांधून तुम्हाला विहिरीत ढकललं असेलच ना? तोच समजा. वहिनी सत्तरीच्या, पोहण्याचा गंध नाही; दुसऱ्या खेपेला त्याच बिंड्यावर अर्धा तास मधोमध तरंगत होत्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या.

जिना ओला असतो, पकड असलेल्या चपला घ्या. सकाळी गेलात तर जॅकेट कोरडं मिळेल.