खताच्या पोत्याचा धागा

चि. बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

पत्र मिळालं. दिवसभर जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या ढिगात बसून काड्या, पन्नीचे तुकडे, माणसांचे केस वेचायचे, याला काय काम म्हणायचं, असं तू विचारलंस. खरी देवाची सेवा करायची आहे, पुण्याला सेमिनरीत, पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला जायचं आहे, असंही लिहिलंस. अवश्य जा. मी पोरगा होतो तेव्हा ती सेमिनरी आपल्या यवतमाळातच होती, १९८३ साली पुण्याला गेली. मला शास्त्र शिकवणारे तिथलेच. तुला अडवायचं नाही. पण ढीग सोडला की मग देव भेटेल, हे जे तू मनात धरलं आहेस, ते मला पटत नाही.

ढिगाचंच बघ. कास्तकार घाईत खताच्या रिकाम्या पोत्यात कापूस भरतो. त्या पोत्याचा एक प्लास्टिकचा धागा ढिगात येतो. तो तुझ्या नजरेतून सुटला तर सरकी वेगळी करणाऱ्या मशीनच्या रोलरखालून रुईत जातो, रुईतून एकशेसत्तर किलोच्या गठाणीत, गठाणीतून सूतगिरणीत. तिथे त्याच्या चिंध्या होऊन सुतात मिसळतात. प्लास्टिकवर कापसाचा रंग चढत नाही, म्हणून कापड रंगवल्यावर तिथे पांढरा ठिपका उमटतो. तोवर कितीतरी महिने गेलेले असतात. तुझ्यापर्यंत कोणी विचारत येणार नाही. मुकादमालाही कळणार नाही.

बायबलात कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौलाने यालाच हात घातला आहे. तोंडदेखली चाकरी करू नका, माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असं तो सांगतो. कुणाला सांगतो? दासांना. ज्यांना मजुरी नाही, ज्यांचं नाव कोणी विचारत नाही, त्यांना. लिहिणाराही तंबू शिवून पोट भरणारा होता. तुझ्या ढिगाकडे देव बघतो, ते काही पहारेकऱ्यासारखं चूक धरायला नाही रे. जे कोणी बघत नाही तेही वाया जात नाही, म्हणून हे आनंदाचं आहे.

आणि आपला प्रभू येशू? मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात गावकरी त्याला सुतार म्हणतात. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे की तो नांगर आणि जू बनवायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. जू वाईट तासलं तर बैलाला खांदेसूज होते, हे तुला घरीच माहीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतो, ते वर्षभर त्या खांद्यांनी काय सोसलं हे ठाऊक असतं म्हणूनच ना? बैल सुताराकडे तक्रार घेऊन जात नाही. माझं जू सोयीचं आहे, असं म्हणणाऱ्याने जू तासताना खांद्याचा विचार केला असेल, असं मला मनापासून वाटतं. साधारण तिशीपर्यंतचं त्याचं आयुष्य असंच गेलं. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी आली की तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे, तेव्हा त्याने अजून एकही रोगी बरा केला नव्हता.

मी काय केलं तेही तुला सांगायला हवं. एका सीझनला मी रात्रपाळीचा फिटर होतो. पहाटे एका मशीनचा आवाज बदलला. मला कळलं, सुरी सरकली आहे, सरकी फुटते आहे. मशीन थांबवून सुरी बसवायला अर्धा तास लागला असता. पाळी संपायला दोन तास होते. मी कान झाकले. सकाळी रुईत सरकीचे तुकडे निघाले आणि बोलणी खाल्ली दिवसपाळीच्या फिटरने. मी तिथेच उभा होतो, गप्प. त्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला समोर आला आणि माझा हात पुढे होईना. दुपारी सायकल काढून त्याच्या गावी गेलो, सांगितलं, माफी मागितली. त्याने आधी पाणी दिलं, मग बराच वेळ काही बोलला नाही. मालकालाही सांगितलं. तेव्हापासून माझ्या पाळीत आवाज बदलला की मशीन थांबायचं.

एक मात्र चुकीचं समजू नकोस. जिवेभावे म्हणजे मान खाली घालून कमी मजुरीत राबणं नव्हे. पौल पुढच्याच अध्यायात धन्यांना न्यायाने आणि समतेने वागा म्हणतो. बायबलातल्या आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो, मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी परमेश्वराच्या कानी जाते. तुझे जास्तीचे तास वहीत लिहून ठेव आणि शनिवारी हिशेब माग, मोठ्या आवाजात नको, पण स्पष्ट माग. तुझ्याशेजारी ढिगात बसणाऱ्या बायांचे तासही लिही. त्यांच्यापैकी कितीजणींना लिहिता येतं, ते मला कळव.

नाताळच्या रात्री पाळी असेल तर भक्ती चुकली म्हणून खंत करू नकोस. येशू जन्मल्याची वार्ता ज्यांना आधी मिळाली, ते मेंढपाळ त्या रात्री कामावरच होते.

नाकातोंडाला ओला रुमाल बांधत जा, रुईची धूळ छातीत बसते. ढिगात दगड दिसला तर आधी तो काढ, रोलरमध्ये ठिणगी पडली तर सगळा ढीग पेटतो. सीझन संपला की ये. सेमिनरीच्या अर्जाचं तेव्हा बसून बघू.

तुझा,
काका